दहा नकारांचे पन्नास डॉलर

मंडळी, अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या जुन्या गेम शोंचा विषय निघाला की बोलणं लगेच बक्षिसाच्या रकमांवर जातं. मी आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, त्यातलं सर्वांत मोठं बक्षीस पन्नास डॉलर होतं. तरीही ‘व्हॉट्स माय लाइन?’ हा खेळ सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर १९५० ते १९६७ अशी सतरा वर्षं चालला. माझ्या मते तो टिकला तो सूत्रधार आणि पॅनेलवरची माणसं यांच्या जोरावर.

खेळ अगदी साधा. पाहुणा येऊन फळ्यावर सही करायचा. त्याचा व्यवसाय काय, हे प्रेक्षकांना पडद्यावर दिसायचं. पॅनेलवरच्या चौघांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारत तो ओळखायचा. प्रत्येक नकाराला सूत्रधार समोरचा एक पत्ता उलटायचा, म्हणजे पाहुण्याला पाच डॉलर; दहा नकार झाले की पाहुणा जिंकला. एखादी प्रसिद्ध व्यक्ती ‘मिस्टरी गेस्ट’ म्हणून आली की पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या चढायच्या आणि पाहुणा आवाज बदलून बोलायचा.

सूत्रधार होते जॉन चार्ल्स डॅली. मुळातले बातमीदार. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी सीबीएस रेडिओच्या श्रोत्यांनी त्यांच्याच आवाजात ऐकली होती. पुढे कित्येक वर्षं ते प्रतिस्पर्धी एबीसीच्या वृत्तविभागाचे प्रमुख होते आणि रविवारी रात्री सीबीएसवर हा खेळही चालवत होते! पाहुणा उत्तर देताना अडखळला की डॅली त्याच्याकडे झुकून कुजबुजायचे आणि मग पॅनेलला समजावायचे, की ‘हो’ म्हटलं तर तुमची दिशाभूल होईल. पाहुण्यावर अन्याय नको आणि पॅनेलवरही नको, याची त्यांना मनापासून काळजी असे. वेळ संपत आली की ते उरलेले सगळे पत्ते उलटून पाहुण्याला पूर्ण रक्कम देऊन टाकत.

आता पॅनेल. डोरोथी किलगॅलन वृत्तपत्रातल्या स्तंभलेखिका, खटल्यांचं वार्तांकन करणाऱ्या. आर्लीन फ्रान्सिस अभिनेत्री. त्यांच्या गळ्यातलं हृदयाच्या आकाराचं पदक प्रेक्षकांच्या ओळखीचं झालं होतं. बेनेट सर्फ ‘रँडम हाउस’ प्रकाशनसंस्थेचे एक संस्थापक. प्रश्न कसा टाकावा, हे या तिघांकडून शिकावं. ‘ही वस्तू खाण्याची आहे का?’ असं विचारलं तर नकार पदरात पडण्याची भीती. म्हणून विचारायचं, ‘ही खाण्याव्यतिरिक्त दुसऱ्या कशाची वस्तू आहे का?’ म्हणजे होकार मिळतो आणि पुढचा प्रश्नही आपलाच राहतो. पॅनेलच्या चौथ्या जागेवर काही काळ बसलेले विनोदवीर स्टीव्ह ॲलन यांचा ‘ती पावाच्या डब्यापेक्षा मोठी आहे का?’ हा प्रश्न तर अमेरिकेत घरोघरी गेला.

१९५७ मध्ये चित्रकार साल्वादोर दाली आले तो भाग माझ्या विशेष आवडीचा. लेखनाशी संबंध आहे? हो. रंगमंचाशी? हो. जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला हो! डॅलींना मध्ये पडून त्यांचे होकार आवरावे लागले. शेवटी उलगडा झाला तो मिशीच्या प्रश्नावरून.

याच दशकाच्या अखेरीस मोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषांचं बिंग फुटलं. ‘ट्वेंटी-वन’चा लाडका विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन याने १९५९ मध्ये अमेरिकन संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, समितीसमोर कबूल केलं, की उत्तरं त्याला आधीच पुरवली जात होती. देशाला केवढा धक्का बसला! ‘व्हॉट्स माय लाइन?’ त्या वादळातून तगला. पन्नास डॉलरांसाठी कोण कशाला लबाडी करील? आणि लोक निकालासाठी बसतच नव्हते. या चौघांची बुद्धी चालताना बघायला बसत होते.

७ नोव्हेंबर १९६५ ला किलगॅलन नेहमीप्रमाणे पॅनेलवर होत्या. दुसऱ्या दिवशी त्या घरी मृतावस्थेत सापडल्या. पुढच्या रविवारी सहकाऱ्यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली आणि खेळ चालू ठेवला. ते मला योग्यच वाटतं.

३ सप्टेंबर १९६७ च्या शेवटच्या भागात मिस्टरी गेस्ट होते स्वतः डॅली! आवाज बदलून उत्तरं तेच देत होते आणि सूत्रधार म्हणून खेळही तेच चालवत होते. अगदी सुरुवातीच्या बऱ्याच भागांची चित्रणं नष्ट झाली, पण पुढची शेकडो टिकली आहेत. तुम्ही बघायला घ्याल तेव्हा दालींच्या भागापासून सुरुवात करा, आणि डॅली मध्ये कधी बोलतात आणि कधी गप्प बसतात, तेवढं नीट पाहा.