लातूरच्या घरातले रॅस

एप्रिल २०१६. मिरजेहून पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली. प्यायचं पाणी रुळांवरून आणावं लागलेल्या याच शहरात, एका घरातल्या बैठकीत, चार फुटी टँकमध्ये खारं पाणी जपलं जातंय. तळाला वाळू, मधोमध जिवंत खडक, म्हणजे सूक्ष्म जिवांनी भरलेला समुद्री खडक, त्यावर वाढलेली प्रवाळं. आणि त्यातून दिवसभर न थांबता फिरणारे हे मासे, रॅस.

रॅसच्या कुळात पाचशेहून जास्त जाती. दोन मीटरहून मोठा होणारा नेपोलियन रॅस याच घराण्यातला, अन् बोटाएवढा फ्लॅशरही. दुकानात सगळेच देखणे दिसतात. पण कोण कुणासोबत नांदेल, ते रंग बघून कळत नाही.

मनमिळाऊ म्हणावेत ते फेअरी आणि फ्लॅशर. पाण्यात तरंगणारं बारीक खाद्य टिपणारे. प्रवाळाला धक्का लावत नाहीत. एवढ्या टँकमध्ये एका जातीचा एकच नर ठेवावा. सोबत दुसऱ्या जातीचा, वेगळ्या रंगारूपाचा नर चालतो. मग दोघं समोरासमोर येतात, पंख ताठ होतात, अंगावरचे रंग क्षणात पेटून उठतात. बघणाऱ्याला वाटतं, जुंपली! पण हे मिरवणं आहे. खरी मारामारी वेगळी दिसते. पंख फाटलेले, एक मासा वरच्या कोपऱ्यात दडलेला, खाद्य टाकलं तरी पुढे न येणारा. असं दिसलं की वाट बघू नये. त्याच दिवशी त्याला वेगळं काढावं.

‘सगळ्या माद्याच घेऊ, भांडणच नको,’ असं पुष्कळांना वाटतं. रॅसमध्ये ते फार दिवस टिकत नाही. यांच्यातल्या बहुतेक जातींत मोठी, वरचढ मादीच पुढे नर होते. नर मेला, तरी त्याची जागा तीच घेते. म्हणून आज टँकमध्ये काय सोडलं याच्याइतकंच, ते पुढे काय होणार आहे, याचाही विचार करावा लागतो.

आधी कोण, नंतर कोण, हा क्रम फार महत्त्वाचा. बुजरे आधी, दांडगे शेवटी. सिक्सलाइन रॅस दिसायला इवलासा, पण जागा एकदा आपली मानली की नव्या माशाला सुखानं जगू देत नाही. या टँकसाठी माझं मत स्पष्ट आहे: तो नकोच. नवा मासा आला की त्याला आधी भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून टँकमध्येच ठेवतात. जुने मासे डब्यावर धडका देतात, फेऱ्या मारतात, मग हळूहळू कंटाळतात. ते शांत झाल्यावरच डबा उघडायचा.

पिवळा कोरिस, हाही एक रॅसच, मात्र रात्री वाळूत शिरून झोपतो. त्याला दोन-तीन इंच बारीक वाळू हवीच. नवीन असताना तो कधी कधी काही दिवस वर येत नाही. जीव घाबरतो, पण उकरून बघू नये.

आता मराठवाड्याचा उन्हाळा. बाहेर पारा बेचाळीसवर, आणि टँकचं पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर राखायचं. इथली हवा कोरडी, म्हणून पाण्यावर सोडलेला साधा पंखा चांगला गारवा देतो. कूलर चालतो, तेच तत्त्व. पण त्यात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड पाण्यानंच घालायची, खाऱ्या नाही. आरओतून वाया जाणारं पाणी या घरात भांडी घासायला वापरतात. लातूरमध्ये ते गटारात सोडायला हात धजत नाही.

आणि झाकण. रॅस दचकला की उसळी मारतो, थेट फरशीवर. काच ठेवली तर उष्णता कोंडते, पंख्याचाही उपयोग राहत नाही. म्हणून बारीक जाळीच हवी, कडेला वायरींसाठी सोडलेल्या फटीही बुजवलेल्या. वीज जाते तेव्हा दिवे एकदम विझतात आणि मासे बिथरतात. त्या वेळी जाळी जागेवर असली पाहिजे. इन्व्हर्टरवर पहिला हक्क पाणी फिरवणाऱ्या पंपाचा, कारण प्राणवायू त्याच्याच जोरावर मिळतो. दुसरा पंख्याचा. दिवे वीज आल्यावर लागले तरी चालतात.