तांबं खाणारं पाणी

(गच्ची. भर दुपार. प्लास्टिकच्या डब्यात कोऱ्या चहासारखं काहीतरी.)

नागपुरात मे महिन्यात गच्चीवर कुरडया वाळतात. आमच्या गच्चीवर त्यांच्यापासून बरंच लांब, टाकीच्या आडोशाला, हा आइस्क्रीमचा डबाही असतो. आत फेरिक क्लोराइड, घरी सर्किट बोर्ड बनवताना तांबं विरघळवणारं रसायन.

बोर्डावरचं तांबं जेमतेम ३५ मायक्रॉन जाडीचं. मार्करने काढलेले ट्रॅक, म्हणजे विजेच्या वाटा, शाबूत ठेवून बाकीचं विरघळवायचं, एवढंच काम.

सुरुवातीला मी हायड्रोक्लोरिक अॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या नादी लागलो. झटपट होतं, हिरवं होत जाणारं पाणी बघायलाही मजा येते. वास नको म्हणून ट्रे गॅलरीत ठेवला. शेजारच्या खिडकीत कूलर. त्याने ती वाफ ओढली आणि थेट हॉलमध्ये सोडली. आई खोकत बाहेर आली, "काय करून राहिला रे तू?" पुढच्या आठवड्यात गॅलरीतल्या पक्कडीवरही गंज दिसला. कूलरच्या शहरात हा प्रकार नकोच.

सोडियम परसल्फेट देखणं. नितळ पाणी, तांबं विरघळेल तसं निळं. पण कालवलेलं टिकत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. झाकण घट्ट लावलं की बाटली फुगते.

म्हणून शेवटी फेरिक क्लोराइड. हातमोजे, चष्मा घालून खडे थोडे थोडे पाण्यात टाकायचे, कारण पाणी चांगलंच तापतं. ४० ते ५० अंशांवर ते जोमात चालतं. डिसेंबरात डबा गरम पाण्याच्या टबात ठेवावा लागतो, आत्ता ऊनच पुरतं.

(बोर्ड, अगदी जवळून.)

तांब्याची बाजू खाली करून बोर्ड अलगद तरंगत सोडायचा, म्हणजे विरघळलेलं तांबं खाली बसत जातं. पाठीला चिकटपट्टीची शेपटी, उचलायला. आधी कडा मोकळ्या होतात, मग मधला भाग. इथे डुलकी लागली तर पाणी मार्करच्या खालून आडवं शिरतं आणि बारीक ट्रॅक कुरतडतं. कपड्यांवरचे डाग? ते जात नाहीत. माझे दोन बनियन गेले.

उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. ते स्टीलचं सिंक खातं, आणि त्यातलं तांबं नाग नदीतून पुढे कन्हान नदीपर्यंत जाऊ शकतं. ते बादलीत घेऊन त्यात धुण्याचा सोडा चमचा-चमचा टाकायचा. खूप फसफसतं, मग गाळ बसतो. तो वाळवून घातक कचऱ्यात द्यायचा. तोवर तोही आइस्क्रीमच्याच डब्यात. त्यावर आईने मोठ्या अक्षरांत लिहिलंय : खायचं नाही.