उन्हाला लावलेलं पाणी

सकाळचे साडेनऊ. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं एक घर, आणि पाण्यातले जंतू उन्हानं मरावेत म्हणून मावशी पत्र्यावर बाटल्या आडव्या मांडताहेत. कोल्ड्रिंकच्याच बाटल्या, लेबल सोलून घासून काढलेल्या, पाणी घरामागच्या विहिरीचं.

आता हा पेपर बघा. भरलेली बाटली मथळ्यावर उभी ठेवायची आणि वरून तोंडातून खाली बघायचं, अक्षरं वाचता आली तर पाणी उन्हाला लावण्याजोगं, नाही आली तर आधी फडक्याच्या चार घड्यांतून गाळून घ्यायचं, कारण गढूळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतच नाही. मावशींनी आज मथळा एका दमात वाचला.

बाटली आधी पाऊण भरून वीस सेकंद खळखळ हलवतात ते उगाच नाही. त्यानं पाण्यात हवा मिसळते, आणि उन्हातली यूव्ही-ए, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी अतिनील किरणं त्याच हवेतल्या ऑक्सिजनला जंतूंच्या अंगावर सोडतात. स्वच्छ उन्हात सहा तास, अर्ध्याहून जास्त आभाळ भरलेलं असेल तर सलग दोन दिवस. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातले आफ्तीम अक्रा यांनी १९८० च्या सुमारास हे दाखवून दिलं आणि १९९१ पासून स्वित्झर्लंडच्या इआवाग ह्या पाण्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेनं त्यावर पुढं काम केलं. पाणी त्याच बाटलीतून प्यायचं आणि दिवसभरात संपवायचं, माठात ओतलं की माठातले जंतू परत आलेच. पावसाळ्यात आपल्या तालुक्यातल्या कणकुंबीकडं ऊनच नसतं, तेव्हा सरळ उकळायचं.

विहिरीचं झालं. आता हा बळ्ळारी नाला. बेळगावचं सांडपाणी घेऊन तो वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारातून जातो, येळ्ळूरचा बासमती ह्याच पट्ट्यातला. नाला फुगला की पाणी भातात शिरतं आणि पीक कुजतं.

असल्या पाण्याला नुसतं ऊन पुरत नाही, उन्हाच्या जोडीला रसायन लागतं, ते दाखवायला आम्ही टेरेसवर दोन ट्रे मांडलेत. पाणी जेमतेम चार बोटं खोल, ह्याहून खोल नको, ऊन खाली जायला पाहिजे. दोन्हीत सारखा निळा रंग, सारखंच आम्ल, चिमूटभर हिराकस, म्हणजे आपण पिवळ्या पडलेल्या पिकावर फवारतो तेच फेरस सल्फेट, आणि वरून हायड्रोजन पेरॉक्साइड, ग्लोव्हज आणि चष्मा घालूनच. एक ट्रे उन्हात, दुसरा पोत्याखाली.

ह्या रसायनाला फेंटन म्हणतात. केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी १८९४ साली लोह आणि पेरॉक्साइड वापरून टार्टारिक आम्लावर, म्हणजे आपल्या चिंचेत असतं त्याच आम्लावर, हा प्रयोग मांडला होता. लोह पेरॉक्साइडला फोडतं, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा फार तिखट कण निघतो, तो क्षणभरसुद्धा टिकत नाही पण तेवढ्यात रंग असो, औषधाचा अंश असो, जंतूची कातडी असो, जे समोर येईल ते जाळतो. हे करताना लोह स्वतः थकतं, गंजल्यासारखं होतं, आणि अंधारात ते परत कामाला यायला फार वेळ लावतं. उन्हात मात्र लगेच ताजं होऊन पुन्हा कामाला लागतं, म्हणून लोह एवढंसंच पुरतं. आपल्या खानापूरच्या जांभ्याला लाल करणारंही लोहच, त्यामुळं मला हे परकं वाटतच नाही.

बघा, पोतं काढलंय. सावलीतल्या ट्रेपेक्षा उन्हातल्या ट्रेचा निळा रंग जास्त उडालाय.

सगळ्यात चांगलं हे आंबट पाण्यात चालतं, पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, तीनच्या आसपास. साध्या पाण्यात लोह गाळ होऊन खाली बसतं, तिथं लिंबातलं सायट्रिक आम्ल घातलं की ते लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवतं. स्पेनमधल्या अल्मेरियात ह्यासाठी उथळ, लांबट तळी बांधून बघितलीत, पाणी त्यात गोल फिरत राहतं. तसलं एखादं तळं आपल्या नाल्याकाठी का नको? ऊन तर आपल्याकडं जानेवारी ते मे बक्कळ आहे.

नाल्याचं पाणी आम्ही रात्रभर निवळवून, गाळून, हेच रसायन घालून उन्हाला लावलं. रंग डोळ्यांना दिसतो, जंतू मोजायला लॅबच लागते, त्यामुळं हे पिण्यासाठी नव्हे.

चार वाजले. आम्ल मारायला ट्रेमध्ये चुन्याची निवळी थेंबथेंब पडतेय, लोहाचा तांबूस चोथा तयार होतोय, हळूहळू तळाला बसतोय. वरचं पाणी सकाळपर्यंत तसंच ठेवायचं, उरलेला पेरॉक्साइड जाऊ द्यायचा. तिकडं मावशी पत्र्यावरून बाटल्या उतरवताहेत, अजून कोमट आहेत.