हरणाऱ्यांचा सोमवार

[रिकामं अरिना. ट्रकमधून लोखंडी बीम उतरतायत.]

रिंग बांधताना नीट बघून घ्या, कारण शोमध्ये हे कधीच दाखवत नाहीत. चार कोपऱ्यांत चार लोखंडी खांब, मधे स्टीलचे बीम, बीमवर लाकडाच्या फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळसा थर आणि त्यावर ताणून बांधलेलं कॅनव्हास. झाली रिंग. डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे कुस्तीचे शो करणारी अमेरिकन कंपनी, तिची रिंग 20 बाय 20 फुटांची असते. लोकांना वाटतं खाली ट्रॅम्पोलिन आहे, गाद्याच गाद्या आहेत. थोडी लवते ती, नाही असं नाही, पण गादी म्हणाल तर ही एवढीच, आत्ता तो माणूस एका हातात धरून नेतोय ना तेवढी. आणि दर सोमवारी 'रॉ'मध्ये, म्हणजे या कंपनीच्या साप्ताहिक शोमध्ये, कोणीतरी याच्यावर पाठीवर आदळतं, उठतं, परत आदळतं, आणि शेवटी ठरल्याप्रमाणे हरतं.

हा व्हिडिओ त्या हरणाऱ्याबद्दल आहे. जिंकणाऱ्यांवर ढिगाने व्हिडिओ आहेत, रोमन रेन्स चॅम्पियन राहिला ते 1316 दिवस, त्याची एन्ट्री, त्याचं ते एक बोट वर करणं, सगळं मिळेल तुम्हाला. माझं म्हणणं वेगळंच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर वाद नको. हा शो हरणारे चालवतात.

[ट्रेनिंगची रिंग. नवीन मुलं ओळीने मागे पडतायत.]

असं पाठीवर पडण्याला बम्प म्हणतात. शाळा कुठलीही असो, सुरुवात इथूनच. हनुवटी छातीला चिकटवायची, नाहीतर डोक्याचा मागचा भाग आपटला म्हणून समजा. हात बाजूला फेकायचे, तळवे खाली, आणि अंग टेकतं त्याच क्षणी तळव्यांनी कॅनव्हासवर चापट मारायची. श्वास बाहेर सोडायचा. कोपर टेकवायचं नाही, ते मोडतं. मार सगळा पाठीच्या वरच्या भागावर पसरला पाहिजे. स्लो मोशनमध्ये बघा... ही मुलगी बघा, हनुवटी कशी घट्ट धरलीय. आणि आता तिच्या मागचा बघा, त्याने मान सोडली, लगेच कोचने हात वर केला. परत. परत. परत.

लाकडाच्या फळ्यांमुळे आवाज मोठा येतो म्हणून बघणाऱ्याला वाटतं नुसता आवाजच आहे. 'ते सगळं खोटं असतं ना रे?' हे ऐकून ऐकून प्रत्येक फॅनचे कान किटलेत. निकाल ठरलेला असतो, हो, आणि हे काही गुपित नाही, 1989 मध्ये कंपनीनेच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे कबूल केलं होतं की ही मनोरंजनाची गोष्ट आहे, स्पर्धा नाही. पण निकाल ठरलेला असतो म्हणूनच तर हरणाऱ्याचं काम जास्त ना. जिंकणाऱ्याला मारल्यासारखं करायचं असतं, हरणाऱ्याला ते पटवून द्यायचं असतं. त्याला सेलिंग म्हणतात. समोरच्याची फिनिशर, म्हणजे मॅच संपवणारा त्याचा खास डाव, कितीही भारी असो, ती खाणारा नुसता आडवा झाला तर त्या फिनिशरला काडीची किंमत राहत नाही.

[11 जानेवारी 1993. मॅनहॅटन सेंटर, न्यूयॉर्क.]

हा पहिला 'रॉ'. एक तासाचा शो, छोटासा हॉल, बाल्कनीत लोक, आणि पहिल्याच मॅचमध्ये हा अगडबंब योकोझुना. त्याच्यासमोर कोको बी. वेअर. सगळ्यांना आठवतो तो योकोझुना, बरोबर आहे, तो पुढे चॅम्पियन झाला. पण मॅच बघा. कोको धावत येऊन आदळतो, समोरचा डोंगर हलतच नाही, आणि कोकोच्या चेहऱ्यावर जे येतं ना... तिथं पाच सेकंदांत अख्ख्या अमेरिकेला कळलं की हा योकोझुना काय चीज आहे. योकोझुना तेव्हा फक्त उभा होता.

त्या काळात प्रत्येक आठवड्याला अशीच मॅच असायची. एक स्टार आणि एक अनोळखी पोरगा, साधी चड्डी, ना म्युझिक ना काही, तीन मिनिटांत खेळ खल्लास. जॉबर म्हणायचे त्यांना. आणि मग 17 मे 1993. हाच हॉल. रेझर रॅमॉन, तोंडात टूथपिक, केस चापूनचोपून बसवलेले, समोर वीस वर्षांचा काडीपैलवान शॉन वॉल्टमन जो त्याआधीच्या आठवड्यांत टीव्हीवर हरलेला. रेझर त्याला फेकतोय, हसतोय. आता बघा. पोरगा दोरांवर चढला, उलटा फिरला, मूनसॉल्ट, रेझरचे खांदे टेकलेले, रेफरी मोजतोय, एक, दोन, तीन! पोरगा जिंकला!

लोकांकडे बघा. रिंगकडे नको, लोकांकडे बघा.

त्या रात्रीपासून तो वन-टू-थ्री किड. आणि माझ्या मते यात मोठं काम रेझरचं आहे, म्हणजे स्कॉट हॉलचं, कारण त्या मॅचचा हरणारा तो होता. तो ज्या धक्क्याने उठून बसला, बोटं मोजल्यासारखा बघत राहिला, तेवढ्यावर पुढचे कित्येक आठवडे स्टोरी चालली. मोठ्या माणसाने नीट हरायचं ठरवलं तर एका रात्रीत दुसरा मोठा माणूस तयार होतो, आणि हल्ली 'रॉ'वर हेच होत नाही. हल्ली मोठ्याला हरवायचं म्हटलं की मधे कोणीतरी पळत येतं, खुर्ची येते, रेफरीचं लक्ष नसतं, म्हणजे हरला पण हरला नाही. याचा मला खरंच वैताग आहे.

दुसरा वैताग जाहिरातींचा. वर्षानुवर्षं एकच साचा. ब्रेकच्या आधी हील, म्हणजे वाईट माणूस, चांगल्याला रिंगबाहेर फेकणार, कॅमेऱ्याकडे बघून छाती काढणार, कट. परत आलो की चिनलॉक, म्हणजे खाली बसवून मागून हनुवटी आवळून धरायची, बस. नेहमी चिनलॉक! सोशिक प्रेक्षक टाळ्या वाजवून चांगल्याला उठवणार. 2012 मध्ये शो तीन तासांचा केला तेव्हापासून तर हे असं चघळून चघळून चाललं होतं की तिसऱ्या तासाला प्रेक्षकच चिनलॉकमध्ये. जानेवारी 2025 पासून नेटफ्लिक्सवर गेलाय, तिथं थोडं सुटसुटीत झालंय, थोडंच.

एक गोष्ट मात्र मान्य करायला पाहिजे. आधी दणका बसला की कॅमेरा हलायचा, झूम, कट, झूम, कट, पडणारा माणूस दिसायचाच नाही. शोचं टीव्ही प्रॉडक्शन बघणारे केव्हिन डन 2023 च्या शेवटी कंपनी सोडून गेले आणि त्यानंतर शॉट लांब झाले, कॅमेरा थांबायला लागला. माणूस वरून सुटतो ते टेकतो तिथपर्यंत एका शॉटमध्ये दिसतो. पडणाऱ्याला त्याचं श्रेय मिळतं.

[4 सप्टेंबर 2023. चॅड गेबल विरुद्ध गुंथर.]

आता हे. गेबल खराखुरा कुस्तीगीर, 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ग्रीको-रोमन खेळलेला. समोर गुंथर, इंटरकॉन्टिनेंटल चॅम्पियन, तो बेल्ट सलग 454 दिवस राखायचा हाँकी टाँक मॅनचा जुना रेकॉर्ड मोडायला काही दिवसच बाकी. म्हणजे गेबल जिंकणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरी त्याने एवढ्या मोठ्या गुंथरला उचलून मागे फेकलं तेव्हा अख्खं अरिना उभं. का? कारण गेबल हरणाऱ्यासारखा खेळतच नव्हता. गुंथरची एकेक चापट त्याच्या छातीवर पडते ना, आवाज ऐका, छाती लाल झालेली बघा, आणि तो खाली वाकतो पण पडत नाही.

आणि मग पडतो. ही रिंगच्या बाजूला बसलेली त्याची मुलगी.

इथं मी काही बोलत नाही.

[शांतता. आठ सेकंद.]

दुसऱ्या दिवशी सगळे गेबलबद्दल बोलत होते. रेकॉर्ड गुंथरचा झाला, चर्चा याची. त्यानंतर त्याच्या हाती काय दिलं ते सोडा.

आणि हरण्यालाच कॅरेक्टर बनवलेला माणूस म्हणजे कर्ट हॉकिन्स. सलग 269 मॅच हरला. दोनशे एकोणसत्तर! सुरुवातीला कोणाच्या लक्षातही नव्हतं, मग लोक मोजायला लागले, मग लोक पोस्टर आणायला लागले, हरायला आलेल्या माणसाला पॉप, म्हणजे लोकांचा जल्लोष, मिळायला लागला. 7 एप्रिल 2019, कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो रेसलमेनिया 35, मेटलाइफ स्टेडियम, झॅक रायडरच्या जोडीने टॅग टीम चॅम्पियनशिपची मॅच आणि हॉकिन्सने समोरच्याचे खांदे टेकवून पिन केलं, जिंकला. बेल्ट हातात घेतल्यावर तो कसा धरायचा हेच त्याला कळत नाहीये, बघा.

वर्षभराने, 15 एप्रिल 2020 ला, कंपनीने एका दिवसात बऱ्याच लोकांना काढलं, त्यात हॉकिन्स होता, रायडरही होता. हे सगळे स्वतंत्र कंत्राटदार धरले जातात, युनियन नाही, आणि डोक्यात खुर्ची मारायला बंदी यायला 2010 उजाडलं.

मला बुकिंगवाल्यांकडून, म्हणजे कोण जिंकणार-हरणार हे ठरवणाऱ्यांकडून, जास्त काही नकोय. मॅच संपली की जिंकणाऱ्याचं म्युझिक वाजतं, कॅमेरा त्याच्यामागे रॅम्पवर जातो आणि रिंगमधला माणूस फ्रेमच्या बाहेर. दोन मिनिटं त्याच्यावर राहा. त्याला माइक द्या. काय बोलेल ते बोलेल, चिडेल, रडेल, पुढच्या सोमवारी परत मॅच मागेल. पाहिजे तर एका जाहिरातीचा वेळ कापा, नाहीतरी परत आल्यावर चिनलॉकच असतो.