पत्ता शेवटाकडून वाचा

येथे जमलेल्या मुलांनो आणि पालकांनो, मोबाइलवरचे खेळ बंद करा, असे सांगण्यासाठी मी उभा नाही. खेळणाऱ्यांना गाठणाऱ्या फसव्या लिंका ओळखता येतात आणि त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही, लिंकेचा पत्ता नीट वाचण्याची सवय लागते, हे मला पटवून द्यायचे आहे.

खानापूर तालुक्यातील, माझ्या ओळखीच्या दहावीतल्या एका मुलाची हकिगत सांगतो. तो आणि निपाणीचा एक मुलगा बीजीएमआय, म्हणजे पबजी या लढाईच्या मोबाइल खेळाच्या भारतीय आवृत्तीत, एकाच स्क्वाडमध्ये, म्हणजे एकाच चमूत खेळत. प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती, तरी मैत्री घट्ट होती. एके रात्री त्या मित्राच्या खात्यावरून इंग्रजीत संदेश आला की, मोफत यूसी मिळत आहेत, मुदत बारा वाजेपर्यंतच आहे. पालकांसाठी सांगतो, यूसी हे त्या खेळातले चलन असून ते खऱ्या पैशांनी विकत घ्यावे लागते. मुलाने लिंक उघडली. पानावर खेळाचेच चिन्ह, तेच रंग आणि वर उलटे धावणारे घड्याळ होते. त्याने पासवर्ड दिला, पाठोपाठ आलेला ओटीपीही तेथेच टाकला आणि त्या पानाने त्याला खेळाच्या खऱ्या संकेतस्थळावर नेऊन सोडले, त्यामुळे काही बिघडल्याची शंकाही त्याला आली नाही. सकाळी खाते उघडेना, आणि तोपर्यंत त्याच्या नावाने तोच संदेश त्याच्या सगळ्या मित्रांकडे पोचला होता.

यातील एका गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. निपाणीचा तो मुलगा एरवी रोमन अक्षरांत, पण ‘भावा, कुठं हाईस’ अशा आपल्या बोलीत लिहीत असे. त्या रात्रीचे इंग्रजी मात्र जाहिरातीसारखे गुळगुळीत होते. त्याचे खाते आधीच चोरांच्या हाती गेले होते. म्हणून ओळखीचे नाव पाहून विश्वास ठेवू नये. त्या मित्राला फोन लावून त्याचा आवाज ऐकावा.

मला खरा राग येतो तो पुढच्या भागाचा. खेळाचे खाते आईच्या ईमेलशी जोडलेले होते आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच होता. हे ठाऊक असूनही मुलगा कित्येक दिवस गप्प राहिला, कारण बाबा मोबाइल काढून घेतील ही भीती चोराच्या भीतीहून मोठी होती. ज्या घरात पहिला प्रश्न ‘तू खेळत का होतास?’ हा असतो, त्या घरात चोराला हवा तेवढा वेळ मिळतो. पालकांनो, हे मी कळवळून सांगतो आहे.

मुलांना लिंकेवरून खेळ उतरवण्याची सवय लागली, त्यालाही कारण आहे. सप्टेंबर २०२० मध्ये भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरमधून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. दरम्यान फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर या तशाच खेळावरही बंदी आली. खेळ अधिकृत जागी मिळेना, तेव्हा कोणीतरी पाठवलेली एपीके फाइल, म्हणजे ॲप स्टोअरबाहेरून ॲप बसवण्याची फाइल घेणे मुलांच्या अंगवळणी पडले, आणि फसवणाऱ्यांना तयार गिऱ्हाईक मिळाले.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी संयोजकांनी पाठवली आहे, तेव्हा ज्या पत्त्यासाठी आलो, तो आता भराभर सांगतो. शहापूर आपल्या बेळगावात आहे, ठाणे जिल्ह्यात आहे आणि यादगीर जिल्ह्यातही आहे. पत्र कोठे जाणार, हे शेवटच्या ओळीतला जिल्हा ठरवतो. लिंकेचेही तसेच आहे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्यापासून मागे वाचत या. खेळाचे नाव, डॉट कॉम, आणि त्यानंतर पुन्हा ‘फ्री-रिवॉर्ड’ डॉट एक्सवायझेड असे दिसले, तर ते पान शेवटच्या जोडीच्या मालकाचे आहे. आधीचे खेळाचे नाव कोणीही लिहू शकतो. इंग्रजी आर आणि एन शेजारी ठेवून एमचा भास करतात, तेही डोळे जवळ नेऊन पाहा. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. मधल्या वाटेवर कोणी वाचू शकत नाही एवढेच ते सांगते, पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप दिसू शकते.

संगणकावर स्टीम हे खेळांचे दुकान वापरणाऱ्यांना ‘मी चुकून तुझी तक्रार केली’ असा संदेश येतो आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या एका ‘अधिकाऱ्या’कडे पाठवले जाते, स्टीमचे कर्मचारी डिस्कॉर्डवर खात्यांचा निवाडा करत नाहीत. कोणी पाठवलेला क्यूआर कोड डिस्कॉर्डमधून स्कॅन करून लॉगिनला होकार दिला, तर पासवर्ड न सांगताही खाते जाते. बक्षिसाचे पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही; तो टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

फसलातच, तर दुसऱ्या फोनवरून आधी ईमेलचा आणि मग खेळाचा पासवर्ड बदला, ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय दाबा, पैसे गेले असल्यास लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि यूटीआर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक हाताशी ठेवा. तो संदेश रागाने पुसून टाकू नका. पोलिसांना लिंकेचा पत्ता त्यातच मिळणार आहे.