चौतीसची पॅन्ट

सकाळचे नऊ. कंपाउंडर वजनकाट्याखालचं चाक फिरवून काटा शून्यावर आणतोय. पुण्यातला हा साधा फॅमिली डॉक्टरचा दवाखाना. खोकल्याचं औषध न्यायला आलात, तरी आधी काट्यावर उभं राहायचं. चपला काढून, मोबाईल टेबलावर ठेवून.

काट्यावरचे हे दादा रिक्षा चालवतात. वय ४२, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेतेवीस. जगभरच्या हिशेबात २५ च्या आत, म्हणजे नॉर्मल. भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी ही रेघ २३ वर ओढली आहे.

आता टेप बघा. शिंप्याकडे असते तीच. डॉक्टर मॅडम बोटाने शेवटची बरगडी चाचपतात, मग कमरेचं हाड. दोन्हींच्या बरोबर मधे टेप. "पोट आत ओढू नका हं, दादा." श्वास सुटला, की आकडा वाचायचा.

९६ सेंटिमीटर.

पुरुषांची मर्यादा ९०, बायकांची ८०. दादा म्हणतात, पॅन्ट तर चौतीसचीच लागते. लागत असेल, ती पोटाच्या खाली बांधलीय.

बीएमआयचं सूत्र केटले नावाच्या बेल्जियन माणसाचं, एकोणिसाव्या शतकातलं. तो डॉक्टर नव्हताच, आकडेशास्त्रवाला! २००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. काट्याला हा फरक कळत नाही. तरी कित्येक दवाखान्यांत काटा असतो, टेप नसते.

डायबेटिस, बीपी, लिव्हरवरची चरबी... पोटाच्या घेरामागून येणारी ही मंडळी.

मॅडम औषध लिहीत नाहीत, चहा विचारतात. रिक्षा स्टँडवर दिवसाला सात कप, कपाला दोन चमचे साखर. बरणी उघडून त्या वाटीत चमचे मोजायला लागतात. एक, दोन... चौदा.

केसपेपरवर ९६ भोवती गोल. खाली लिहिलंय: तीन किलो कमी, रात्री जेवणानंतर चालणं, महिन्याने परत टेप. पाच टक्के वजन उतरलं तरी साखर-बीपीत फरक दिसायला लागतो.

दादा चपला घालतात. दारातून मागे वळतात.

"मॅडम, गूळ चालतो ना?"