सॅम नन बोलायला उभे राहतात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये जॉर्जिया राज्याचे सॅम नन १९७२ साली निवडून आले आणि १९९७च्या जानेवारीत निवृत्त झाले. वक्ते म्हणाल तर अगदीच कोरडे; टाळ्या घेणारं वाक्य त्यांना कधी जमलंच नाही. पण संरक्षणावर ते बोलू लागले की पेंटागॉनमधले, म्हणजे संरक्षण मुख्यालयातले, अधिकारी सावरून बसत. कारण गृहपाठ पक्का असे.

१९८५चा ऑक्टोबर घ्या. नन डेमोक्रॅट, तर सशस्त्र सेना समितीचे अध्यक्ष बॅरी गोल्डवॉटर कट्टर रिपब्लिकन. या दोघांनी मिळून सिनेटमध्ये भाषणांची मालिकाच लावली. विषय एकच: आपली सैन्यदलं एकमेकांशी धड बोलत नाहीत. दाखला होता दोन वर्षांपूर्वी ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर अमेरिकेनं केलेल्या लष्करी मोहिमेचा. समोर समुद्रात अमेरिकेच्याच युद्धनौका, पण भूदलाचा रेडिओ नौदलाच्या रेडिओशी जुळेना. शेवटी एका अधिकाऱ्यानं साध्या टेलिफोनवरून, स्वतःच्या कार्डावर, थेट नॉर्थ कॅरोलिनातल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाला फोन लावून मदतीचा निरोप पोचवला, असा किस्सा तेव्हा गाजला. त्याला थोडं तिखटमीठ लागलंही असेल. पण दुखणं खरं होतं. पुढच्या मे महिन्यात सिनेटनं सैन्यदलांना एकत्र काम करायला लावणारं सुधारणांचं विधेयक ९५ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं. गोल्डवॉटर-निकोल्स कायदा तो हाच. आपल्याकडे २०२० साली संरक्षणदल प्रमुख हे पद आलं, त्याआधीच्या चर्चांमध्येही या कायद्याचा दाखला वारंवार दिला जाई.

१९८७च्या मार्चमध्ये ओळीनं तीन दिवस तीन भाषणं. क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या यंत्रणांवर मर्यादा घालणारा अमेरिका-सोव्हिएत करार १९७२चा; त्याचा सैल अर्थ लावून अवकाशातल्या शस्त्रांच्या चाचण्यांना वाट करून देण्याचा रेगन सरकारचा विचार होता. नन यांनी त्या वाटाघाटींचे कागद चाळले आणि हा अर्थ त्यात बसत नाही, असं मुद्देसूद मांडलं. ऐकायला रटाळ, खोडायला अवघड!

कुवेत बळकावणाऱ्या इराकविरुद्ध युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाला मात्र त्यांनी १२ जानेवारी १९९१ला विरोध केला. इराकवरच्या आर्थिक निर्बंधांना आणखी वेळ द्या, हे त्यांचं म्हणणं. ठराव ५२ विरुद्ध ४७नं संमत झाला, युद्ध झटपट जिंकलं गेलं, आणि नन यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शक्यतेवर पाणी पडलं, असं तिथले अनेक जाणकार मानतात.

त्याच वर्षी सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्धचा मॉस्कोतला उठाव फसल्यावर नन त्यांना भेटले. अण्वस्त्रांवरचा ताबा सुटला होता का, असं त्यांनी थेट विचारलं. उत्तरानं समाधान झालं नाही. परत येऊन रिचर्ड लुगर या रिपब्लिकन सदस्याबरोबर त्यांनी सोव्हिएत अण्वस्त्रं मोडीत काढायला निधी मागितला. कालपर्यंतच्या शत्रूला पैसे? पण सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ८ मतं पडली. १९९६ अखेर युक्रेन, कझाकस्तान, बेलारूस हे सोव्हिएत संघातून फुटलेले देश अण्वस्त्रमुक्त झाले. माझ्या मते, नन यांचं सगळ्यात मोठं काम हेच.

आणि एक डागही आहे. १९९३ साली समलिंगी सैनिकांना उघडपणे नोकरी करू देण्याला त्यांनी विरोध केला. पाणबुडीतल्या झोपायच्या अरुंद फळ्यांपाशी नौसैनिकांशी बोलतानाची त्यांची छायाचित्रं गाजली. तिथे कागदांपेक्षा कॅमेऱ्यांवर भिस्त दिसली. त्या वादातून निघालेला, समलिंगी असल्याचं लपवलं तरच सैन्यात राहू देणारा कायदा सिनेटनंच २०१०च्या डिसेंबरमध्ये ६५ विरुद्ध ३१ मतांनी मोडीत काढला.

नमस्कार.